परसातला डेक: १५, ८ आणि १७

डेकची, म्हणजे लोखंडी सांगाड्यावरच्या लाकडी ओट्याची, रुंदी ९ फूट ९ इंच ठरली ती वास्तुशास्त्राने नाही, पाइपाने. लोखंडी चौकोनी पाइप बाजारात ‘वीस फुटी’ म्हणून विकला जातो. टेप लावला की तो ६ मीटर भरतो, म्हणजे १९ फूट ८ इंच. कागदावर १० फूट रुंदी धरली तर एका पाइपातून दोन तुकडे निघत नाहीत आणि दर पाइपामागे साडेनऊ फुटांहून जास्त तुकडा उरतो. रुंदी ३ इंचांनी कमी केली की एका पाइपात बरोबर दोन बसतात. आडवे तुकडे १४ हवे होते, ते ७ पाइपांत झाले. १० फुटांचा हट्ट धरला असता तर १४ पाइप लागले असते. लांबी १६ फूट, कारण सागाच्या ८ फुटी पट्ट्या वखारीत सहज मिळतात. त्याहून लांब सरळ माल मागितला की दर एकदम वर जातो.

जागा नाशिकच्या मखमलाबादच्या बाजूची, पूर्वी द्राक्षबाग असलेल्या जमिनीवर पडलेला प्लॉट. घराची प्लिंथ, म्हणजे जोतं, २ फुटांची. डेक जमिनीपासून १८ इंचांवर घेतला, म्हणजे मागच्या दारातून एक ६ इंचांची पायरी उतरली की डेक. उंबऱ्याच्याच लेव्हलला डेक करा असं बरेच जण सुचवतात आणि दिसायला ते छानच दिसतं, पण तिरका पाऊस फळ्यांवर आपटून सरळ दारात शिंतडतो आणि मग वर्षभर पुसणं घरच्यांच्या वाट्याला येतं.

डेक घराला टेकवला नाही. भिंत विटांची, वर प्लास्टर. तिच्यात बोल्ट मारून तुळई अडकवली तर बोल्ट विटेत सैल होतो आणि त्याच भोकातून ओल आत शिरते. शिवाय घराचा पाया आणि डेकचा पाया एकसारखे बसत नाहीत. म्हणून भिंत आणि डेक यांच्यात १ इंच फट ठेवून डेक स्वतःच्या पायांवर उभा केला.

त्या पायांचीच खरी गोष्ट आहे. नाशकात एका प्लॉटला हातभर खाली मुरूम लागतो, शेजारच्या प्लॉटला पुरुषभर काळी माती निघते. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसत्या फरशीच्या तुकड्यावर खांब ठेवला तर पहिल्याच वर्षी तो वर-खाली होणार, आणि सगळे खांब सारखे हलत नसल्यामुळे डेकची पाठ वाकडी होणार. इथे काळी माती अडीच फूट होती. पहार मारल्यावर आवाज ‘भस्स’ऐवजी ‘खण्ण’ यायला लागला, तिथे मुरूम. खड्डे १८ बाय १८ इंच, खोली ३ फूट, म्हणजे मुरमात निदान अर्धा फूट शिरेपर्यंत.

खांब १२: तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार. ओळीतलं अंतर ५ फूट, दोन ओळींमधलं ४ फूट. त्यामुळे कोपऱ्यातल्या चार खांबांच्या मध्यांतून जाणारा चौकोन १५ फूट बाय ८ फूट होतो, आणि त्याचा कर्ण बरोबर १७ फूट येतो, वर-खाली काही नाही. हे आकडे मुद्दाम जुळवले. ३-४-५ चा गुण्या सगळ्याच मिस्त्रींना ठाऊक असतो, पण छोट्या त्रिकोणातली पाव इंचाची चूक १५ फुटांवर एक इंच होते. इथे पूर्ण मापाचाच त्रिकोण आहे: दोरी बांधली, चुन्याची फक्की टाकायच्या आधी दोन्ही कर्ण मोजले. पहिल्यांदा एक १७ फूट १ इंच आणि दुसरा १६ फूट ११ इंच आला. एका लांब बाजूच्या दोन्ही खुंट्या लांबीच्या दिशेने इंचभर सरकल्या की असंच होतं. खुंट्या हलवल्या, दोन्ही कर्ण १७ झाले, मगच टिकाव चालवला.

भिंतीवरून माप धरू नका. घराची मागची भिंत दोरीत असतेच असं नाही. इथे १६ फुटांत ती पाऊण इंच बाहेर होती. बाहेरची ओळ मूळ धरायची आणि भिंतीकडची फट जी येईल ती येईल.

भिंतीकडच्या ओळीचे खड्डे भिंतीपासून दीड फुटावर मध्य धरून काढले आणि तिथेच गडबड निघाली. ३ फुटांवरही पहार सहज आत जात होती. कारण साधं आहे: घराचा पाया खोदताना जो रुंद खड्डा घेतला होता, तो नंतर निघालेल्या मातीनेच, न ठोकता, भरलेला. अशा भरावावर खांब उभा केला तर तो बसणारच. चारही खड्डे साडेचार फुटांपर्यंत नेले, तेव्हा घट्ट मुरूम लागला. तळात वाढलेल्या दीड फुटात मोठे दगड आणि १:४:८ चं (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट भरून बाकीचं काम इतर आठ खड्ड्यांसारखंच केलं. हा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो, पण घराला लागून काहीही उभं करताना तो धरून चालावा.

प्रत्येक खड्ड्यात तळाला ९ इंच जाडीचा फुटिंगचा थर, त्यातून वर ९ बाय ९ इंचांचा काँक्रीटचा खांब, जमिनीवर ६ इंच येईपर्यंत. खांबात १० मिमीच्या चार सळ्या आणि दर ६ इंचांवर रिंग. प्रमाण १:१.५:३. बारा खांबांना मिळून साधारण ३९ घनफूट काँक्रीट, म्हणजे ९ गोण्या सिमेंट, १७ घनफूट क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), ३४ घनफूट २० मिमीची खडी. सांडलवंडीला एक गोणी जास्त धरली. खड्डा पूर्ण काँक्रीटने भरून टाकू, शटरिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची) कटकट नको, असं मजूर सांगतात. ऐकू नका. खड्ड्याच्या ओबडधोबड कडा काळ्या मातीत रुतून बसतात आणि माती फुगली की तोच खांब उचलते. शटरिंगने कडा गुळगुळीत येतात, आणि भोवतीची जागा काळ्या मातीने नाही तर मुरमाने, थर ठोकत भरायची. निघालेली काळी माती बागेत टाकली, ती तिथे सोनं आहे. गोणपाट गुंडाळून ७ दिवस पाणी मारलं.

खांबांचे माथे एका लेव्हलला ठेवले नाहीत. भिंतीकडून बाहेर १०० ला १ चा उतार हवा, म्हणून मधली ओळ भिंतीकडच्या ओळीपेक्षा १२ मिमी आणि बाहेरची २४ मिमी खाली. हे लेव्हल पाइपने म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढलं. त्यात बुडबुडा राहिला तर १२ मिमीचे ५ मिमी व्हायला वेळ लागत नाही. उतार डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला कळतो. तो का लागतो ते पुढे येतं.

आता लोखंड. तिन्ही तुळया १०० बाय ५० मिमी, ३ मिमी जाडीच्या पाइपाच्या. १६ फुटांची तुळई कापल्यावर प्रत्येक पाइपाचा ४४ इंचांचा तुकडा उरतो. काँक्रीटच्या माथ्यापासून तुळईपर्यंतचे बारा छोटे खांब त्यातूनच निघाले, कारण त्यांची उंची जेमतेम सव्वाचार इंच आहे. त्यांच्याखाली १५० बाय १५० मिमी, ८ मिमी जाडीची प्लेट आणि १२ मिमीचे चार बोल्ट. प्लेटला भोकं १४ मिमीची पाडावीत. १२ ची पाडली तर काँक्रीटमध्ये बोल्ट दोन मिमी तिरका गेला तरी प्लेट बसत नाही आणि मग गॅसने भोक वाढवायची वेळ येते. तुळयांवर आडवे १४ पाइप ६० बाय ४० चे, २.६ मिमी जाडीचे, दर १६ इंचांवर एक. १६ फुटांत ते १३ होतात. चौदावा मधोमध, जिथे दोन पट्ट्यांची टोकं भेटतात तिथे जोडीला. एकाच ४० मिमी पाइपावर दोन टोकं आणली तर प्रत्येक टोकाला २० मिमी मिळतात, स्क्रू टोकापासून १० मिमीवर येतो आणि लाकूड उकलतं. पायऱ्या आणि प्लेटा धरून लोखंड साडेतीनशे किलोच्या आत बसतं.

जाडीवरून फॅब्रिकेटरशी वाद होणारच. ‘शेठ, सोळा गेज भरपूर झाला, माणसंच बसणार आहेत ना, हत्ती थोडाच?’ सोळा गेज म्हणजे १.६ मिमी. वजन तो पेलेलही, पण त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत, आणि गंजाला खायला मालही कमी. २.६ मिमीमध्ये स्क्रू नीट बसतो. पाइप उतरवून घेताना जाडी मोजायचं व्हर्नियर लावा, किंवा एक पाइप वजन करा: ६० बाय ४० चा २.६ मिमी पाइप मीटरला पावणेचार किलोच्या आसपास, म्हणजे अख्खा पाइप २२-२३ किलो भरायला हवा.

वेल्डिंग आधी सगळीकडे टाके मारून, मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. एका बाजूने सलग वेल्ड ओढला की १६ फुटी तुळई केळ्यासारखी वाकते. वेल्डवरची खपली हातोडीने पूर्ण उडवायची, तारेच्या ब्रशने घासायचं, मग प्रायमर. खपलीवर मारलेला प्रायमर खपलीसकटच गळून पडतो आणि नेमकी सांध्याची जागा उघडी पडते. पाइपांना पहिला हात घोडीवर ठेवून, जोडायच्या आधी. १८ इंच उंचीच्या डेकखाली झोपून ब्रश फिरवायला कोणी तयार होत नाही. त्यानंतर एपॉक्सी प्रायमरचा दुसरा हात आणि वर इनॅमलचे दोन.

गंज कुठे लागतो हे बघायचं असेल तर जुन्या द्राक्षबागेच्या मांडवाचे अँगल बघा: मातीलगतची वीत सडलेली, वरचा भाग ठणठणीत. म्हणूनच काँक्रीट जमिनीवर ६ इंच आणलं. पण डेकला गंजाची आणखी एक वाट असते, जिच्याकडे फार कोणी बघत नाही. पट्ट्या बसवताना पाइपांच्या वरच्या अंगाला ८४० भोकं पडतात. प्रत्येक स्क्रूच्या कडेने थेंब-थेंब पाणी पाइपाच्या पोटात उतरतं. टोकं व्यवस्थित बंद केलेली असली, आणि चांगला वेल्डर ती बंद करतोच, तर ते पाणी आत साचून राहतं आणि पाइप आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत. यावर दोन उपाय एकत्र केले. पाइपांच्या वरच्या अंगावर ५० मिमी रुंदीची ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरी चिकट पट्टी, जी स्क्रूभोवती घट्ट बसते. आणि प्रत्येक पाइपाच्या बाहेरच्या टोकाला, तळाच्या अंगाला ६ मिमीचं भोक. तो १०० ला १ चा उतार याच भोकासाठी. भोकं प्रायमरच्या आधी पाडायची, म्हणजे त्यांच्या कडाही रंगतात.

लाकडाची निवड करताना तीन-चार गोष्टी आजमावल्या. डब्ल्यूपीसीला (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या पट्ट्यांना) तेल लागत नाही, वाळवी लागत नाही, हे खरं. पण मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. शिवाय ते लांबीत वाढतं, ८ फुटी पट्टी थंडी-उन्हाळ्यात तीन-चार मिमी, त्यामुळे टोकाला फट ठेवावीच लागते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून निघालेलं पॅकिंगचं पाइन स्वस्त मिळतं आणि त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असतो म्हणून लोक निर्धास्त होतात. तो शिक्का फक्त एवढंच सांगतो की लाकूड तापवून आतली कीड मारली आहे. पुढे कुजण्यापासून त्याला काहीही संरक्षण नाही; उघड्यावर दोन पावसाळे पाहिले की पुष्कळ झालं. जुन्या वाड्यांचा साग मात्र मिळाला तर घ्यावा. त्याला आकसायचं ते आकसून झालेलं असतं. फक्त रंध्याच्या मशीनवर द्यायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा मशीनची पाती घालवतो आणि सुतार पुन्हा तुमचा माल हातात धरत नाही.

इथे वखारीतला नवा साग घेतला. ४ इंच बाय सव्वा इंच कापून, रंधून ९५ बाय २५ मिमी. ३० ओळी, ओळीत दोन पट्ट्या, म्हणजे ६०. त्यावर दहा टक्के धरून ६६. घनफुटात १८.३. बाहेरची झाकपट्टी आणि पायऱ्या धरून २२ घनफूट. निवडताना पांढरी कड असलेली पट्टी बाजूला काढायची. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ते तांबूस गाभ्याबद्दल; पांढरा भाग वाळवी आवडीने खाते.

ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते विकत घ्या. १२ टक्क्यांच्या आसपास असलेला माल मार्चमध्ये बसवला तर दोन पट्ट्यांत ५ मिमी फट पुरते. पावसाळ्यात प्रत्येक पट्टी रुंदीत एक-दीड मिमी फुगते आणि तरीही पाणी जायला वाट राहते. ओला माल ५ मिमीवर बसवला तर पुढच्या उन्हाळ्यात फट इतकी रुंदावते की खुर्चीचा पाय अडकतो. फटीचं माप ठेवायला ५ मिमीचे ड्रिल बिट वापरले, दोन-दोन पट्ट्यांमध्ये उभे खोचून.

पट्ट्या बाहेरच्या कडेपासून सुरू करून भिंतीकडे आणल्या, म्हणजे उरलेली चूक भिंतीलगतच्या फटीत जाते. ३० पट्ट्या आणि २९ फटी मिळून २९९५ मिमी होतात, पाइप २९७० चा. राहिलेले २५ मिमी बाहेरच्या बाजूला पुढे काढले आणि त्याखाली झाकपट्टी बसली. दर पाच ओळींनी दोन्ही टोकांना माप घ्यायचं. पंधराव्या ओळीला एक टोक ६ मिमी पुढे गेलेलं निघालं. ते पुढच्या सहा ओळींत एकेक मिमी खाऊन सरळ केलं. एकाच ओळीत सुधारायला गेलं तर ती फट कायम डोळ्यात खुपते. वाकड्या पट्टीला पाचर मारून जागेवर आणायची आणि आधी मधला स्क्रू, मग टोकांचे.

स्क्रू स्टेनलेसचे, १० नंबर, ५० मिमी, ८४० लागतात, ९०० आणले. साध्या लोखंडी स्क्रूभोवती सागात काळे डाग उमटतात. लाकडात ६ मिमीचं आणि पाइपात ४ मिमीचं भोक पाडून मगच स्क्रू फिरवायचा. लाकडातलं भोक सैल हवं, कारण लाकूड हलतं आणि लोखंड हलत नाही; दोन्हीकडे घट्ट बसलेला स्क्रू एक दिवस मान टाकतो. ड्रिल मशीनचा वेग कमी ठेवा. घाईत स्टेनलेसची डोकी तुटतात आणि तुटलेला स्क्रू काढायला दहा मिनिटं जातात.

ड्रेनेजचं चेंबर नेमकं डेकखाली आलं होतं. ते झाकून टाकणं हा डेकमधला सर्वांत महाग पडणारा आळस. चेंबरवरचा एक आडवा पाइप कापून त्याची टोकं दोन आडव्या तुकड्यांना जोडली आणि ३२ इंच लांबीचं सुटं झाकण केलं: २५ मिमी अँगलची चौकट, त्यावर पट्ट्यांचे तुकडे, बोटं घालायला दोन भोकं, स्क्रू एकही नाही. पट्ट्यांच्या रेषा जुळल्या की झाकण कुठे आहे ते सांगावं लागतं.

खालच्या जमिनीला घरापासून बाहेर उतार देऊन वीड मॅट (तण रोखणारं कापड) अंथरली, वर ३ इंच खडी. चारही बाजूंनी अर्ध्या इंचाची वेल्ड मेश, तळाला खडीत गाडलेली. गावाबाहेरच्या वस्तीत घोणस आणि नाग दोन्ही आहेत, आणि १८ इंचांची सावलीतली जागा उंदराला आवडली की मागोमाग तेही येतात. झाकपट्टी आणि जाळी यांच्यात हवा जायला जागा ठेवली. खाली हवा खेळली नाही तर पट्ट्या खालून ओल्या, वरून कोरड्या राहून कडा वर उचलतात.

पायऱ्या दोन, प्रत्येक चढ ६ इंचांचा, पाय ठेवायला तीन पट्ट्या म्हणजे २९५ मिमी. एवढ्या उंचीला कठड्याची गरज नाही, पण पायरीशेजारी हाताला धरायला एक बार घातला. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर तो बार आधी आणि फुलांच्या कुंड्या नंतर.

तेल पट्ट्या बसवायच्या आधी, चारही अंगांना. टोकांना तीन हात, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांनी. जागेवर कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा. पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा थर) नको: उन्हाने त्याचा पापुद्रा उडतो आणि मग सगळं घासून काढावं लागतं. कच्चं जवसाचं तेल स्वस्त, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी धरून डेक काळा पडतो. डेक ऑइल म्हणून मिळतं ते घ्यावं आणि दरवर्षी दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर, एक हात.

सगळं मृगाच्या आधी आटोपलेलं बरं. पहिल्या दोन-चार पावसांत नव्या सागातून कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी उतरतं. खाली खडी होती म्हणून काही बिघडलं नाही. पायरीपुढच्या शहाबादी फरशीवर मात्र आधीच प्लॅस्टिक अंथरून ठेवलं होतं, आणि जिथे ते वाऱ्याने उडालं तिथे हातभर डाग अजून आहे.